गिरजाबाईंचा व्हाल

पांढुर्ण्यात माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी मी 'फोटोवाली बाई'. "छातीचा फोटो काढाचा हाय जी, फोटोवाल्या बाई आल्या का?" असं विचारत माणसं थेट आत शिरायची. आणि एकदा फोटो म्हटलं की काय विचारता! बायका ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून येत. बोरगावचे एक रिटायर्ड हेडमास्तर तर भर मे महिन्यात लोकरी कोट घालून आले. मी म्हटलं, "गुरुजी, कोट काढा, बनियनही काढा." ते दचकले. "बाई, फोटो उघड्या अंगानं?" मी म्हटलं, "गुरुजी, आतला फोटो आहे. आत थोडाच कोट घातलाय तुम्ही?" हसले बिचारे. पण कोटाची घडी घालून उशाशी ठेवली, आणि मशीन चालू होतं तोवर चेहरा मात्र स्टुडिओत बसल्यासारखा कडक ठेवला.

मी इको करत होते. आता इको म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं, तेव्हा डॉक्टरांनाही समजावून सांगावं लागे. कानाला ऐकू येणार नाही असा बारीक आवाज छातीत सोडायचा. तो हृदयावर आपटून परत येतो आणि त्याचं हलतं चित्र पडद्यावर उमटतं. हा आवाज हाडातून जात नाही, हवेतूनही जात नाही. म्हणून बरगड्यांच्या मधली बोटभर फट शोधायची आणि तिच्यातून आत डोकावायचं. पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, खोलीत अंधार, आणि मी शेजारी स्टुलावर बसून जेली लावलेला प्रोब त्या फटीत धरलेला. हात जरासा हलला की चित्र गायब. ती फट पटकन सापडायला मला दीड वर्ष लागलं, आणि एकदा सापडायला लागल्यावर माझ्या डोक्यात जरा हवाही गेली, हे कबूल करून टाकते.

मी सौंसरची, मास्तरांची मुलगी. बी.एस्सी. झाल्यावर नागपूरला एका हृदयाच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढायला लागले आणि तिथंच इको शिकले. हे डॉक्टरसाहेब मूळचे पांढुर्ण्याचे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. साहेबांनी नागपूरच्या दवाखान्यात नवं मशीन आणलं, आणि थोरल्याचा शर्ट धाकट्याला द्यावा तसं जुनं मशीन आपल्या गावाला दिलं. स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. "गावच्या बाया पुरुषमाणसापुढं ब्लाउज सोडणार नाहीत. तू जा," असं मला सांगितलं. मी रोज सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला जात असे. साहेब बुधवारी आणि रविवारी गाडीनं येत. मधल्या दिवसांत मी पेशंटचा इको करून कॅसेटवर भरून ठेवायची. हो, तीच, लोक सिनेमे बघायचे ती कॅसेट. साहेब आले की कॅसेट लावून बघत आणि मग पेशंटला बोलावून काय ते सांगत.

म्हणजे माझ्या कामाचा नियम सोपा होता: बघायचं, मोजायचं, भरून ठेवायचं, आणि बोलायचं नाही. निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम. साहेबांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि नंतर दर महिन्याला सांगत होते, कारण माझी जीभ त्यांना ठाऊक होती.

पण मला सांगा, एखादी बाई रामाकोन्याहून पहाटेच्या छोट्या लाईनीच्या आगगाडीनं सौंसरला येते, तिथून बसनं धक्के खात पांढुर्ण्याला, तासभर अंधारात माझ्यासमोर पडून राहते, आणि उठल्यावर विचारते, "काय दिसलं व माय?" तिला 'रविवारी या' म्हणायला माझ्याच्यानं होत नसे. खोटं कशाला बोलू, थोडी दया येई म्हणून, आणि थोडी मला किती समजतं ते दाखवायची हौस म्हणून.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढं जाऊ द्यायचं, मागं येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हे समजवायला मी आधी दाराचं उदाहरण देत असे. लोक नुसती मान हलवत. मग एकदा मला फुटव्हाल सुचला. आमच्याकडं संत्र्याची बाग आणि विहिरीवर मोटर नाही असं घर सापडणं मुश्किल. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी हा फुटव्हाल असतो. पाणी वर येऊ देतो, खाली पडू देत नाही. मी म्हटलं, "तुमच्या हृदयातही असाच व्हाल आहे," आणि समोरच्या माणसाचे डोळे लख्ख उघडले. "हाव ना! आता समजलं!" बस्स. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला फुटव्हाल सांगत सुटले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले, "ताई, मस्त उदाहरण आहे." मी घरी जाऊन वडिलांनाही ते ऐकवलं.

गिरजाबाई आल्या त्या संत्री तोडायच्या दिवसांत. रामाकोन्याच्या अलीकडच्या एका खेड्यातलं शेतकरी जोडपं. गिरजाबाईंचं वय चाळिशीच्या आतलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. अशा तापानं पुढं व्हाल खराब होतात. आता चार पावलं चाललं की दम. नवरा तुळशीरामभाऊ, उंच, हाडापेरानं मोठा, बोलणं कमी. बायकोच्या पुढं दहा पावलं चालणारा. ती थांबली की तोही थांबे, पण मागं वळून बघत नसे. आमच्याकडचे पुरुष तेव्हा असेच चालायचे, त्यात काही नवल नव्हतं.

गिरजाबाई लाजल्या, मग माझ्या हातावर हात ठेवून कुशीवर झाल्या. थंडीत जेली बर्फासारखी लागते म्हणून मी बाटली कोमट पाण्याच्या गंजात ठेवत असे. "गरम हाय व," म्हणून त्या हसल्या. मग मी प्रोब लावला आणि माझं बोलणं बंद झालं. डाव्या बाजूची झडप जाड झालेली, तिची दोन पाखं मिटतच नव्हती. मशीनला रक्त धावण्याचा आवाज ऐकवायची सोय होती. ती लावली तर प्रत्येक ठोक्याला फस्स, फस्स. व्हाल चांगलाच गळत होता.

बाहेर आले तर तुळशीरामभाऊ दारातच उभे. "काय दिसलं जी, बाई?"

मी सांगायला नको होतं. सांगितलं. "भाऊ, विहिरीचा फुटव्हाल लीक झाला की काय होतं?"

"पाइपातलं पानी उतरून जाते. मोटर नुसतीच फिरते, पानी फेकत नाई."

"तसंच यांचं झालंय. व्हाल लीक आहे."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "मंग वरून पानी भरा लागन."

आता फुटव्हाल गळला की आमच्याकडं काय करतात ते सांगते. मोटर चालू करण्याआधी वरून पाइपात बादलीनं पाणी ओततात, पाइप गच्च भरला की मोटर पाणी धरते. व्हाल जास्तच गळत असला तर त्या पाण्यात शेण कालवतात. शेण फटीत बसतं आणि काम निभतं. हे मला माहीत होतं. जन्मापासून बघितलेलं. पण तेव्हा मागं सात पेशंट ताटकळत होते, लाईट जायची वेळ झाली होती, आणि मला वाटलं हा माणूस आपल्या विहिरीचंच बोलतोय. मी हसून म्हटलं, "हो हो, तसंच समजा. बाकी साहेब सांगतील." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रविवारी साहेबांनी कॅसेट बघितली. गोळ्या लिहून दिल्या, भाजीत मीठ कमी करायला सांगितलं, पुढंमागं मोठ्या शहरात ऑपरेशन करावं लागेल असंही सांगितलं. तुळशीरामभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

महिनाभरानं, एका शुक्रवारी दुपारी, दवाखान्यासमोर जीप थांबली. तुळशीरामभाऊंनी गिरजाबाईंना दोन्ही हातांवर उचलून आणलं. मी तर ओळखलंच नाही. पाय मुसळासारखे सुजलेले, डोळ्यांखाली सूज, ओठ निळसर. आडवं व्हायला तयार नाहीत, झोपलं की जीव घाबरा होई. बसल्या बसल्याच मी प्रोब लावला. हृदय फुगलं होतं आणि नुसतं धडपडत होतं. मी समोरच्या आडत्याच्या दुकानात धावले आणि नागपूरला ट्रंककॉल लावला. साहेबांनी फोनवर इंजेक्शन सांगितलं, "मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो" म्हणाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः येऊन इंजेक्शन दिलं. लघवी होऊन अंगातलं पाणी निघून जावं यासाठी ते इंजेक्शन असतं. मग वाट बघणं. बाई वाचते की जाते, मला काही कळत नव्हतं.

वाट बघताना मी तुळशीरामभाऊंना विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"एकबी नाई."

"भाजीत मीठ?"

"अळणी खाऊन राहिलो आमी दोघंबी."

"मग एवढं झालं काहून?"

"मालूम नाई जी." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "तुमी सांगतलं तसं पानी बी भरून राहिलो ना मी रोज."

मी विचारलं, "कसलं पाणी?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मन लावून, आपण काही कसर ठेवली नाही हे मला पटावं म्हणून. पहाटे उठल्याबरोबर, गिरजाबाई चुलीजवळ जायच्या आत, ते स्वतः विहिरीवरून ताजं पाणी आणत आणि त्यांना एक मोठा लोटा भरून पाजत. दुपारी एक, सांजेला एक. पंधरा दिवसांत दम कमी होईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की व्हाल जास्तच गळत असेल, नुसतं पाणी टिकत नाही. आता माणसाला शेण तर पाजता येत नाही. म्हणून ते ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करू लागले. मीठ घालून, कारण अळणी आंबील गिरजाबाईंना उतरत नव्हती. मीठ कमी करायचं ते भाजीत. आंबील तर औषध होती.

अरे देवा! अशा हृदयाला मीठ आणि पाणी म्हणजे विष. मोटरीला पाणी भरावं लागतं, पण हे हृदय आधीच पाण्याखाली गुदमरत होतं. आणि हे सगळं करायला मीच सांगितलं होतं. 'हो हो, तसंच समजा.' हसून सांगितलं होतं.

साहेब आले तोवर गिरजाबाईंना दोनदा लघवी झाली होती, श्वास जरा खाली बसला होता. साहेबांनी तपासलं, दुसरं इंजेक्शन दिलं, आणि "निभेल असं वाटतं" म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता नोकरी गेली. जायलाच हवी होती. साहेबांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात टाकला. मग म्हणाले, "तूच सांगितलंस ना? आता उलटं सांगायचं तेही तूच सांग. मी नाही सांगणार."

गिरजाबाईंना सरकारी दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्या दोन उशांना टेकून बसल्या होत्या. सूज निम्म्यावर आली होती. तुळशीरामभाऊ चहा आणायला गेले होते. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "गिरजाबाई, ते पाणी आणि आंबील, त्यानंच तुम्हाला हे झालं. माझी चूक झाली."

त्या शांतच होत्या. म्हणाल्या, "मले मालूम व्हतं."

"काय?"

"पानी पेलं का दम चढे. आंबील पेली का पाय सुजत. बाईमानसाले आपलं आंग समजत नाई काय?"

मला रागच आला. "मग सांगायचं नाही? नको म्हणायचं नाही? मरून गेला असतात ना!"

त्या दाराकडं बघत म्हणाल्या, "बाई, एकवीस वर्सं झाली लगनाले. यायनं मले कधी हातानं गिलासभर पानी देल्लं नाई. बारा-बारा घंटे ताप असो, मीच उठून घेतलं. आन् आता पाह्यटी उठून विहिरीवर जातात, लोटा भरतात, माह्यापुढं बसतात आन् म्हनतात, पी. मी नाई कशी म्हनू?"

खरंच सांगते, मी रडले. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "त्यायले सांगू नोका, व माय. पानी भरलं म्हनून हे झालं, असं सांगसान तं मानूस जन्मभर सोताले खाईन."

सांगायचं नाही, तर पाणी बंद कसं करायचं? आणि सांगायचं, तर गिरजाबाईंचा शब्द मोडायचा. मी व्हरांड्यात आले. तुळशीरामभाऊ चहाची किटली घेऊन तिथंच उभे होते. किती ऐकलं, काय ऐकलं, देव जाणे. त्यांनी सरळच विचारलं, "बाई, माह्याच हातानं काई चुकलं काय?"

मी म्हटलं, "नाही भाऊ. चुकलं माझं. फुटव्हालचं मी अर्धंच सांगितलं. मोटर आणि माणूस सारखे नसतात. मोटरीला पाणी भरतात, माणसाला मोजून द्यावं लागतं. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत. दोष माझा आहे, तुमच्याकडं कणभरही नाही."

ते भिंतीला टेकून खाली बसले. किटली दोन्ही हातांत धरलेली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आता पानी नाई भराचं?"

"नाही. आंबीलही नाही."

"मंग मी काय करू जी?" ते माझ्याकडं बघत होते, नुकतंच काम सुटलेल्या माणसासारखे. "मले दुसरं काई येत नाई ना."

तेवढ्यात रात्री मुक्कामाला थांबलेले साहेब गिरजाबाईंना बघायला आले. मी त्यांना विचारलं, दिवसाचं पाणी किती? त्यांनी सांगितलं, गोळ्यांसकट, चहासकट, चार ग्लास. एक थेंब जास्त नाही. मी तुळशीरामभाऊंना म्हटलं, "भाऊ, ऐकलं ना? हे काम तुमचं. चारच गिलास. पण ते चारही तुम्हीच भरून, तुमच्याच हातानं द्यायचे. त्यांनी स्वतः उठून एकही घ्यायचा नाही. जमेल?"

"जमन," ते म्हणाले आणि उठले.

त्यानंतर मी फुटव्हालचं उदाहरण सोडलं असं तुम्हाला वाटेल. नाही सोडलं, कारण त्याच्याइतकं दुसरं काही लोकांना समजतच नव्हतं. पण पुढं एक सवय लावून घेतली. सगळं सांगून झालं की म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?" माणसं काय काय सांगत, ऐकून कधी हसू येई, कधी अंगावर काटा. पुढं नागपूरला, मोठ्या दवाखान्यात, नव्या मुलींना शिकवतानाही मी आधी हेच शिकवलं. प्रोब धरायला नंतर. मुली म्हणायच्या, "मॅडम, पण टेक्निशियननं बोलायचंच नसतं ना?" मी म्हणायची, "नसतं. पण तुम्ही बोलणारच आहात, मला ठाऊक आहे."

गिरजाबाईंचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. नवा व्हाल बसवला, आणि तो चांगला निघाला. पण मला आठवते ती ऑपरेशनच्या आधीची त्यांची एक खेप. आजारपणानंतर दोन महिन्यांनी दोघं दाखवायला आली होती. सूज नव्हती, गिरजाबाई स्वतःच्या पायानं चालत आल्या. तुळशीरामभाऊंनी दारातूनच सांगितलं, "चार गिलास, बाई. बरोबर चार." आणि बाकावर जाऊन बसले.

आत, अंधारात, मी प्रोब लावून गिरजाबाईंचं हृदय बघत होते. अजून गळत होतं, पण धडपड थांबली होती. मी विचारलं, "पाणी पुरतं का हो? तहान लागते?"

"लागते ना. तोंड सुकून जाते," त्या म्हणाल्या. मग अंधारातच हळूच हसल्या. "पन चार गिलास झाले का सांजेले हे पाचव्यासाठी उठतात. मंग यायले याद येते. तं तसेच रिकामा गिलास हातात घेऊन माह्यापाशी बसून राह्यतात."